दुसरा रकाना

"हरकत ठीक आहे, वाक्य आणा."

आमच्या साहेबांचे हे बोलणे मी इतक्या वेळा ऐकले आहे की आजही कोणी एखाद्या गोष्टीला नावे ठेवू लागले, की माझा हात नकळत पट्टी आणि पेन्सिल शोधू लागतो. पट्टी अशासाठी, की साहेबांपुढे तोंडी तक्रार चालत नसे. कागदावर चार उभे रकाने आखावे लागत. पहिल्यात कलमाचा क्रमांक, दुसऱ्यात हरकतीचे स्वरूप, तिसऱ्यात प्रत्यक्ष हरकत आणि चौथ्यात प्रस्तावित बदल. म्हणजे खोडायच्या वाक्याच्या जागी आपल्याला जे वाक्य हवे असेल ते, स्वल्पविरामासकट. चौथा रकाना कोरा ठेवून कोणी आला, तर साहेब कागद शांतपणे परत करीत. "ही हरकत नाही," ते म्हणत, "हा उसासा आहे. उसाशाला आपल्याकडे रकाना नाही."

हे सारे लिहायला मी फार उशिरा बसलो, याचे कारणही तेच. चौथा रकाना भरता येईल अशी खात्री मला आयुष्यात क्वचितच वाटली.

गोष्ट एकोणीसशे पन्नासनंतरच्या काही वर्षांतली. जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत, आणि अहेरीच्या बाजूला, जंगलाच्या कडेशी असलेल्या एका लाकूड-डेपोत मी तांत्रिक सहायक होतो. नागपूरच्या कॉलेजातून विज्ञानाची पदवी घेऊन आलो होतो. पदवीमुळे मला लाकडाबद्दल काही समजते, असा वरिष्ठांचा समज झाला होता, आणि तो दूर करण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. साहेब डेपोचे अधिकारी होते. ठेंगणे, गोल, डोक्यावर सोला हॅट, आणि शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली. लाल पेन्सिल तांत्रिक दोषासाठी, निळी संपादकीय दोषासाठी. आशय चुकला तर लाल. आशय बरोबर असून मांडणी चुकली तर निळी. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा रुजू होण्याचा अर्ज वाचून निळी पेन्सिल बाहेर काढली, तेव्हा मला वाटले की आपण थोडक्यात वाचलो. निळ्या रंगाविषयी माझ्या मनात जे प्रेम उत्पन्न झाले ते त्या क्षणापासून. पुढे त्याच प्रेमाने घात केला.

चार रकान्यांचा हा नमुना साहेबांचा नव्हता. वस्तू कशी असावी, कशी मोजावी, कशी तपासावी याचे मानक ठरवणारी एक संस्था दिल्लीत होती. मानक छापण्यापूर्वी त्याचा मसुदा देशभरच्या कचेऱ्यांकडे टिप्पणीसाठी फिरवला जाई, आणि सोबत हा नमुना असे. बहुतेक कचेऱ्यांत असे मसुदे कपाटाच्या पायाखाली जात. आमच्या साहेबांनी मात्र केव्हातरी एका मसुद्यावर सतरा पाने भरून टिप्पण्या पाठवल्या, आणि दिल्लीतल्या कुणा सज्जनाने कृतज्ञतेने त्यांचे नाव कायमच्या यादीत घातले. तेव्हापासून त्या अरण्यात टपालाने बादल्या, शाई, दोरखंड आणि शाळेतले खडू यांचे मसुदे येत. सागाच्या थप्पीवर बसून खडूच्या ठिसूळपणावर मत देणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

एकदा पद्धत पटल्यावर ती लाकडापुरती किंवा खडूपुरती ठेवणे साहेबांना अन्यायाचे वाटे. डेपोच्या खानसाम्याचे, गफूरभाईंचे, वरण एकदा खारट झाले. साहेबांनी ताट बाजूला सारून कागद घेतला. "कलम: वरण. स्वरूप: तांत्रिक. हरकत: मीठ अधिक. प्रस्तावित बदल: 'दोन चिमटींऐवजी एक चिमूट.'" गफूरभाईंना तो कागद मी वाचून दाखवला. त्यांनी हात पुसले, खाली बसले आणि मला उत्तर लिहायला सांगितले.

"लिहा बाबू. साहेब बाराले येतो म्हनते आन दोनले येते. तवरिक वरन आटून जाते, मीठ तेवढंच राह्यते. मंग गलती मिठाची का टायमाची?"

साहेबांनी या उत्तराचा तीन दिवस विचार केला, आणि ते तीनही दिवस खारट वरण निमूटपणे खाल्ले, कारण निर्णय होईपर्यंत जुने कलम लागू राहते. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या टिप्पणीपुढे "अस्वीकृत, कारण योग्य" असे लिहिले आणि बरोबर बारा वाजता जेवायला आले. मोठा माणूस स्वयंपाकघराकडून हरतो तेव्हा सहसा आवाज होतो. इथे फक्त सही झाली.

माझ्या खुर्चीची हकीकत मात्र इतकी मानाची नाही. कचेरीतली टेबले हलवून उजेडाची सोय करावी, असा मसुदा साहेबांनी एकदा काढला आणि रीतीप्रमाणे तीस दिवस फिरवला. नकाशा पाहताच माझ्या ध्यानात आले की नव्या मांडणीत माझी खुर्ची दहापासून दोनपर्यंत खिडकीच्या उन्हात येणार. सबंध महिनाभर मी संध्याकाळी चौथा रकाना भरण्याचा प्रयत्न करीत होतो. "सहायकाची खुर्ची दोन हात डावीकडे असावी" हे उद्धट वाटले. "असल्यास बरे" हे लाचार वाटले. सात कागद फाडले आणि मुदत संपली. टेबले हलली. साहेबांनी दोन-तीनदा विचारलेही, की ऊन लागते का. मी म्हणालो की सुखद आहे. मे महिन्यात चांद्याच्या उन्हाला सुखद म्हणणारा कारकून सरकारी नोंदीत दुसरा सापडणार नाही. डेपोतला लखमाभाऊ एकदा खिडकीशी थांबला, माझ्याकडे निरखून पाहत राहिला, आणि अतिशय कळवळ्याने म्हणाला, "बाबू, तुमाले वाळाले ठेवलं का? चिरा पडतीन हो."

या लखमाभाऊची ओळख आता करून दिली पाहिजे, कारण पुढचे सारे त्याच्यावरच बेतले होते. तो ढिवर, तलावात मासे धरणाऱ्या घरातला. त्याचे बापआजे डोंगे, म्हणजे एकाच खोडाच्या होड्या, कोरत. डोंग्यासाठी झाड तोडायचे, तर ते आतून भरीव आहे की पोकळ, हे आधी कळावे लागते. नाहीतर महिन्याची मेहनत पाण्यात जाते आणि डोंगाही. ती विद्या लखमाभाऊने सागाला लावली होती. ओंडक्याच्या एका टोकाला कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे उलट्या बोथट बाजूने, तो ठोका मारी. मग दुसऱ्या टोकाला जाऊन गाल टेकवी आणि जोडीदाराला पुन्हा ठोकायला सांगे. निकाल दोनच: "भरला हाये" किंवा "खाली हाये." खाली म्हणजे पोकळ. हजेरीपटावर तो साधा मोजणी मजूर होता. प्रत्यक्षात डेपोतल्या कोणत्याही ओंडक्यावर वर्गाचा ठप्पा त्याच्या गालाला विचारल्याशिवाय पडत नसे.

आणि एके दिवशी सागाच्या ओंडक्यांच्या वर्गवारीचा मसुदा आला.

साहेबांचा तो दिवस लग्नघरातल्या यजमानासारखा गेला. त्यांनी सगळ्यांना थप्पीच्या सावलीत बसवले आणि इंग्रजी मसुदा एकेका कलमाने मराठीत सांगितला. घेर कुठे मोजावा, गाठी किती चालाव्यात, तडा कितपत सोसावा. मग एक कलम आले: ओंडक्याची प्रत दोन्ही टोके व पृष्ठभाग डोळ्यांनी पाहून ठरवावी. मागून लखमाभाऊने विचारले, "आन कानाचं काय, साहेब?"

साहेबांनी लाल पेन्सिल बाहेर काढली. त्या घडीला त्यांचा चेहरा ज्याने पाहिला, त्याला कळले असते की खडू, शाई आणि बादल्या या सगळ्यांतून हा माणूस याच प्रश्नाची वाट पाहत होता.

पण त्या प्रश्नाला दुसरी बाजूही होती. मसुद्याबरोबरच वरच्या कचेरीचे पत्र आले होते: मानक लागू होताच वर्गवारी त्यातल्या रीतीनेच व्हावी, आणि रीतीत नसलेल्या कामावर ठेवलेली माणसे हंगामाअखेर कमी करावीत. पत्रात नाव नव्हते. नावाची गरज नव्हती. लखमाभाऊने ते ऐकून घेतले आणि एवढेच सांगितले, "डेपोत आलो तवा तलावातला माझा वाटा भावाले देऊन आलो. आता परत मागाले कोन्या तोंडानं जाऊ?"

साहेबांनी दुसऱ्या दिवशी परीक्षा घेतली. डोळ्यांना निर्दोष दिसणारे पाच ओंडके निवडले. लखमाभाऊने चार भरले ठरवले आणि एकावर हात ठेवून म्हणाला, "हा खाली हाये." मला तर तोच सगळ्यांत देखणा वाटत होता. करवत चालली. निम्म्यावर गेल्यावर कापणारे एकमेकांकडे पाहू लागले, आणि ओंडका उकलला तेव्हा आत काळी, गुळगुळीत पोकळी निघाली. पाण्याचा तांब्या सहज मावेल एवढी. साहेब हॅट काढून जमिनीवर पालथे पडले आणि बराच वेळ तिच्यात पाहत राहिले. मग तसेच पडल्या पडल्या त्यांनी विचारले, "लखमा, हे वाक्यात कसं सांगशील?"

"वाक्य कायचं, साहेब? भरला असन तं बोलते. खाली असन तं खोकलते."

"खोकतो" हा शब्द तीन दिवस चौथ्या रकान्यात होता. साहेबांना तो खोडवत नव्हता. शेवटी त्यांनी जड मनाने लिहिले: "ओंडक्याच्या टोकावर बोथट हत्याराने ठोकून निघणारा आवाज दुसऱ्या टोकाशी ऐकावा, आवाज बसका असल्यास ओंडका पोकळ समजावा." पहिला, तिसरा आणि चौथा रकाना भरून त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला. त्यांना कुरखेड्याच्या दौऱ्यावर निघायचे होते.

"दुसरा रकाना तुम्ही भरा, आणि सही तुमची. तिथे एकच आद्याक्षर लागतं, तांत्रिकचं 'तां' किंवा संपादकीयचं 'सं'. पण ते टाकणाऱ्याने ओंडका उकललेला पाहिलेला असावा. तुम्ही पाहिला आहे."

आज विचार केला तर वाटते, एवढा विश्वास माझ्यावर त्यापूर्वी कोणी टाकला नव्हता, आणि त्यानंतर टाकू नये याची व्यवस्था मी लगेच केली. साहेब गेल्यावर तो कागद पाच दिवस माझ्या उन्हातल्या टेबलावर होता. दुसऱ्या रकान्यात "तांत्रिक" लिहायचे, याबद्दल शंका नव्हती. पण दिल्लीतल्या समितीवर कसकसली माणसे असतील! परदेशात शिकलेली, लाकडाचे तुकडे काचेखाली पाहणारी. त्यांना चांद्याच्या जंगलातला एक सहायक सांगणार, की महाराज, तुमची तांत्रिक चूक झाली आहे, आमचा लखमा गाल लावून ऐकतो? मला त्यांचे हसणे इथपर्यंत ऐकू आले. कानाच्या बाबतीत मी लखमाभाऊच्याही पुढे गेलो होतो.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी संपादकीयचे "सं" हे आद्याक्षर घातले. निळा रंग, कोणाला न दुखवणारा. शिवाय साहेबांच्या वाक्याच्या आरंभी माझ्या पदरचे "आवश्यक वाटल्यास" हे दोन शब्द जोडले, सही केली आणि लिफाफा टपालात टाकला. साहेब परतल्यावर त्यांनी विचारले, पाठवले का. मी हो म्हणालो. कोणते अक्षर घातले हे त्यांनी विचारले नाही. विचारले असते तर मी खरे सांगितले असते, असे मानायला मला आवडते.

काही महिन्यांनी टिप्पण्यांचा तक्ता आला. साहेबांनी बोट फिरवत आमची ओळ गाठली. "संपादकीय. नोंद घेतली." सुधारलेल्या मसुद्यात ते कलम होते तसेच होते: डोळ्यांनी पाहून.

साहेब रागावले असते तर बरे झाले असते. ते फक्त म्हणाले, "त्यांचं चुकलं नाही. संपादकीय टिप्पणी समितीपुढे जातच नाही. ती स्वल्पविरामांबरोबर निकालात निघते." मग त्यांनी एक कोरा कागद घेतला, चार रकाने आखले आणि माझ्याकडे सरकवला. पहिल्या रकान्यात त्यांनी माझे नाव घातले होते.

"आधी लखमाला सांगून या," ते म्हणाले. "मग भरा."

लखमाभाऊ थप्पीशी बसून कुऱ्हाडीला धार लावत होता. मी उभ्यानेच सगळे सांगितले. अक्षराची गोष्ट, निळ्या रंगाची, समितीची. एखादा माणूस आपल्या भावाच्या दारात कोणत्या तोंडाने उभा राहील, हे एका आद्याक्षरावर अवलंबून असू शकते, ही गोष्ट मला स्वतःलाच सांगताना खरी वाटत नव्हती. त्याला मात्र ती लगेच खरी वाटली. त्याने कुऱ्हाड बाजूला ठेवली.

"तुमाले ठाऊक होतं ना, का तो खाली होता?"

"होतं."

"मंग काऊन नाई लिहिलं?"

"भीती वाटली."

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. मग म्हणाला, "माझीच गलती झाली, बाबू. तुमी रुजू झाले त्या दिवशीच तुमाले ठोकून पाहाले पाह्यजे होतं."

मी परत जाऊन तो कागद भरायला बसलो. हरकत लिहिणे सोपे गेले; चौथा रकाना अडला. साहेबांनी माझी अडचण पाहून नियमांची पुस्तिका उघडली. मुदतीनंतर नवी टिप्पणी घेता येत नाही. पण टिप्पणी करणाऱ्याने आपल्याच नमुन्यातली चूक, छपाईपूर्वी, स्वतःच्या सहीने दुरुस्त केली तर ती घ्यावी लागते. अट एकच होती: चूक कशामुळे झाली, याचे कारण लिहिले पाहिजे.

"अनवधानाने," मी सुचवले.

"अनवधान पाच दिवस टिकत नाही," साहेब म्हणाले.

तेव्हा मी लिहिले: "दुसऱ्या रकान्यात 'तांत्रिक' असे वाचावे. 'संपादकीय' हे निम्नस्वाक्षरीकर्त्याने काहीशा भित्रेपणामुळे लिहिले. सदर ओंडका उकलताना त्याने स्वतः पाहिला आहे." साहेबांनी वाचले, खिशातून पेन्सिल काढली आणि "काहीशा" या शब्दावर काट मारली. लाल पेन्सिल होती.

कागद लिफाफ्यात घालण्यापूर्वी लखमाभाऊला वाचून दाखवावा असे साहेबांचे म्हणणे पडले, कारण तोही संबंधित पक्ष होता. गफूरभाईही चहा घेऊन आले आणि रेंगाळले. मी वाचत असताना लखमाभाऊने मान कलती केली होती, ओंडक्याच्या टोकाशी करतो तशीच. वाचून झाल्यावर सगळे त्याच्याकडे पाहू लागले. त्याने घाई केली नाही.

"बीचमंदी थोडा खाली हाये," तो म्हणाला. "पन चालते. दुसऱ्या वर्गात घ्या."

माझ्या नोकरीतला तोच सर्वांत वरचा शेरा होय.

उत्तर यायला सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत मी दिल्लीच्या टपालाची जेवढी वाट पाहिली तेवढी पुढे स्वतःच्या लग्नाच्या होकाराचीही पाहिली नाही. हंगाम संपत आला होता. कमी करायच्या माणसांची यादी साहेबांच्या टेबलावर होती, आणि ती अंतिम करायला साहेबांना रोज नवी संपादकीय अडचण दिसत होती. एवढी निळी पेन्सिल त्यांनी कधीच वापरली नव्हती. शेवटी लिफाफा आला. "तांत्रिक. अंशतः स्वीकृत." त्या कलमाखाली टीप जोडण्यात आली होती: आवश्यक वाटल्यास टोकावर ठोकून आवाज तपासावा. साहेबांचा बसका आवाज आणि दुसरे टोक, दोन्ही गळाले होते. "आवश्यक वाटल्यास" हे माझे दोन भित्रे शब्द तेवढे समितीने जसेच्या तसे उचलले होते.

मी शरमेने खाली पाहत होतो. साहेब मात्र यादीतून एक ओळ काढत होते. "आवश्यक कोणाला वाटावं, ते लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "तेव्हा ते मला वाटेल. रोज वाटेल." लखमाभाऊ राहिला. मानकातल्या टिपेच्या आधारे, कायदेशीर गालाने, तो पुढे कित्येक हंगाम ओंडके ऐकत होता.

साहेबांची बदली दीडेक वर्षाने झाली. जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या बदलीचा हुकूमही टिप्पणीसाठी फिरवला. सवय, दुसरे काय. कोणी काही लिहिले नाही. मी चार रकाने आखले. पहिल्यात हुकुमाचे कलम घातले. दुसऱ्यात, या वेळी लगेच, "तांत्रिक" लिहिले. तिसऱ्यात लिहिले, "साहेब जात आहेत." चौथा रकाना कोरा ठेवला आणि कागद त्यांच्यापुढे नेऊन ठेवला.

त्यांनी तो वाचला. परत करण्यासाठी उचललाही. मग खाली ठेवून, नियमात कुठेही नसलेला शेरा त्यांनी त्यावर लिहिला: "उसासा. स्वीकृत."

ते गेल्यावर माझी खुर्ची उन्हातून सावलीत हलवायला कोणाचीच हरकत नव्हती. नवे साहेब तर म्हणाले, हलवा की, विचारता काय. पण मी मसुदा काढला. "सहायकाची खुर्ची दोन हात डावीकडे असावी." एवढे एकच वाक्य, त्यात "शक्यतो" नाही, "असल्यास बरे" नाही. तो भिंतीवर लावला आणि तीस दिवस उन्हात बसून वाट पाहिली.

एकच टिप्पणी आली, तीही तोंडी. लखमाभाऊ एकोणतिसाव्या दिवशी खिडकीशी थांबला, चौकटीवर बोटाने दोनदा ठोकले, आणि माझ्याकडे कान करून म्हणाला, "आता बोलते, बाबू."